घरचा ससा आणि वाळलेलें गवत

शेतकी मासिकांत सशाचा विषय पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. बैलाच्या व म्हशीच्या वैरणीचा प्रश्न सुटत नसतां सशाचें कौतुक कशास, असेंही कोणी म्हणतील. परंतु अलीकडे इंदापूर-बारामतीकडील घरांतूनही मुलांच्या हट्टाखातर पांढरा ससा आणला जातो, आणि तो फार दिवस जगत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. असे मेलेले ससे आम्हीं पाहिले. त्यांतील एक आमच्याच घरचा होता. तो उपासमारीनें मेला नाहीं, लाडानें मेला.

नातवासाठीं तो शहरांतील एका दुकानांतून आणला होता. गाजर, कोबी, पोळी, हरभरे, काय वाटेल तें घाला, असें विकणाऱ्यानें सांगितलें, आणि आम्हीं तें अक्षरशः पाळलें. सकाळीं दुधांत भिजविलेली पोळी, दुपारीं हरभरे, सायंकाळीं गाजर, शिवाय म्हशीसाठीं आणलेल्या लसूणघासाची एक जुडी. वाळलेलें गवत मात्र कधीं पुढें टाकलें नाहीं. टाकावें असें मनांतही आलें नाहीं. आमच्या अवर्षणाच्या मुलखांत वाळलें गवत म्हणजे टंचाईची वैरण. ज्याचा पाहुणचार करावयाचा त्याच्यापुढें हिरवें टाकावें, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

आठ-नऊ महिन्यांनीं ससा गाजर तोंडाशीं नेई, हुंगी आणि मागें सरे. हनुवटी लाळेनें ओली राहूं लागली. लेंड्या प्रथम बारीक झाल्या, मग बंद पडल्या. उन्हाळा आहे, उद्यां खाईल, असें म्हणून आम्हीं एक दिवस घालविला. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला तेव्हां पोट फुगून टणक झालें होतें. त्यांनीं तोंड उघडून दाखविलें. खालच्या दाढांच्या धारदार कडा वाढून जिभेंत रुतल्या होत्या. "गवत कोणतें घालतां?" असें त्यांनीं विचारलें, त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याच रात्रीं ससा गेला.

सशाच्या तोंडांत एकंदर २८ दांत असतात, आणि पुढचे दांत व दाढा मिळून सर्व जन्मभर वाढत राहतात. पुढचे दांत आठवड्यास सुमारें २ मिलिमीटर वाढतात. न झिजले तर वर्षाकांठीं १० सेंटिमीटर होतील. पोळी किंवा हरभरा चावतांना जबडा वरखालीं चालतो व चार चाव्यांत काम आटोपतें. लांब काडीचें गवत मात्र दळावें लागतें. तेव्हां जबडा जात्यासारखा आडवा फिरतो, दाढ दाढेवर घांसते, आणि पात्यांतील सिलिकेचे कण कानशीचें काम करितात. दिवसाचे कित्येक तास हें दळण चालावें, अशीच त्या प्राण्याची रचना आहे. दळण थांबलें कीं दाढा वांकड्या वाढूं लागतात, दुखतें म्हणून ससा खात नाहीं, आणि खात नाहीं म्हणून दाढा आणखी वाढतात.

पोटाची हकीकत याहून मोठी आहे. बैल चार कप्प्यांच्या पोटांत वैरण आंबवितो व रवंथ करितो. सशाच्या पोटास एकच कप्पा; आंबविण्याचें काम आंधळ्या आतड्यांत, म्हणजे एका टोंकास बंद असलेल्या मोठ्या पिशवींत, होतें. गवतांतील न पचणारी जाड काडी मोठ्या आतड्यास सतत हालतें ठेवते व कोरड्या, वाटोळ्या लेंड्यांच्या रूपानें बाहेर पडते. बारीक अंश मागें फिरून त्या पिशवींत जातो आणि तेथील जंतू त्यास आंबवितात. त्यापासून मऊ, चकाकत्या, द्राक्षांच्या लहान घोसासारख्या निराळ्या लेंड्या तयार होतात, त्या ससा गुदद्वाराशींच तोंड लावून गिळतो. पुष्कळांस याची किळस येते व ते त्यास दटावितात. पण ती घाण नव्हे, तें त्याचें रवंथ होय. जंतूंनीं तयार केलेलीं प्रथिनें व जीवनसत्त्वें त्यास याच मार्गानें मिळतात.

तेव्हां, जो अंश निःसत्त्व म्हणून आपण नांवें ठेवितों तोच हें सर्व यंत्र चालवितो. तो काढून पोळी, गूळ, धान्य घातलें तर आतडें मंदावतें, पिशवींत भलते जंतू माजतात व वायु धरतो. सशास ओकतां येत नाहीं. आंत गेलेलें पुढेंच सरकलें पाहिजे. यासाठीं ससा बारा तास कांहींही न खातां बसला तर उद्यांची वाट पाहूं नये, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावा. आमची चूक नेमकी येथें झाली.

आतां गवत कोणतें? परदेशांतील पुस्तकांत टिमथी नांवाच्या गवताची शिफारस असते. तें थंड मुलखाचें. आपणांस त्याची गरज नाहीं. आपल्या बांधावरचें मारवेल, माळावरचा पवना, मळ्यांतली हरळी हीं उत्तम. याच इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ सालीं तीस वर्षांच्या मुदतीची जमीन-आकारणी बसविली. शेतांतील लागवडीस निरुपयोगी तुकड्यास दप्तरांत 'पोटखराब' म्हणतात. महसुलाच्या नोकरींत हा शब्द आम्हीं हजारों वेळां लिहिला, पण त्या तुकड्यांत काय उगवतें हें कधीं पाहिलें नाहीं. सशाचें पोट बरें ठेवणारें गवत पोटखराबांत मिळावें, ही गंमतच म्हणावयाची.

कडबनवाडीच्या माळावर पहांटे गेल्यास रानससे दिसतात, तेही गवतावरच जगतात. मात्र तो ससा पकडून आणूं नये. ती जात निराळी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे.

दोन गोष्टींविषयीं सावध राहावें. कुसळी गवत फुलोऱ्यानंतर कापलेलें नसावें. त्याचें कुसळ भाल्यासारखें असतें आणि ओल लागतांच पिळा घेत आंत शिरतें. मेंढपाळांस हें सांगावयास नकोच. दुसरें गाजरगवत. नांवांत गाजर असलें तरी तें विषारी आहे. पेंढींत त्याची एकही काडी राहूं देऊं नये.

पाऊस उघडल्यावर, फुलोरा येतांच व बीं धरण्यापूर्वीं गवत कापावें. दंव उडाल्यावर विळा लावावा, गवत पातळ पसरावें, दिवसांतून दोनदां उलटावें, आणि दोन-तीन दिवसांनीं सावलींत घ्यावें. आठवडाभर उन्हांत पडून पांढरें झालेलें गवत निकस होतें. उलट, शेंकडा १५ हून अधिक पाणी राहिलेलें गवत बुरशी धरतें, आणि बुरशीचें गवत सशास घातक आहे. आम्ही मूठभर काड्या घेऊन पिळून पाहतों. पेरें कडकन् मोडलें, बोटांस ओल लागली नाहीं, रंग हिरवट व वास गोडसर असला, म्हणजे झालें.

गव्हाचा भुसा इतका बारीक असतो कीं दांतांस कामच राहत नाहीं. कडब्याची पानें देण्यास हरकत नाहीं, पण तीं गवताची जागा घेत नाहींत. कोवळी हिरवी ज्वारी मात्र मुळींच घालूं नये, तिचें विष थोरल्या जनावरांसही बाधतें. लसूणघास सहा महिन्यांच्या आंतील पिलास चालतो. मोठ्या सशास त्यांतील चुना अधिक होतो, तो मूत्रावाटें बाहेर पडतांना साका धरतो. रोजच्या खाण्यांत पांच वांट्यांपैकीं चार वांटे तरी वाळलें गवत असावें. वर मूठभर कोथिंबीर किंवा गाजराचा पाला द्यावा. गाजर म्हणजे मिठाई. आठवड्यांतून एखादी चकती पुरे. स्वच्छ पाणी सदैव असावें. पोळीची संवय लागलेला ससा एका दिवसांत गवतावर आणूं नये; दहा-पंधरा दिवसांत हळूहळू बदल करावा.

आमचा दुसरा ससा आतां चौथ्या वर्षांत आहे. वजन दोन किलो. दिवसास शंभर ग्रॅम गवत धरलें तरी वर्षाचा हिशेब साडेछत्तीस किलोचा होतो, आणि तेवढें मारवेल आमच्या एका बांधावरच निघतें. तें चार पोत्यांत भरून जमिनीपासून उंच, फळीवर ठेवितों. पोतीं गोणपाटाचीं असावींत. पहिल्या वर्षीं आम्हीं प्लास्टिकचीं घेतलीं, त्यांत ओल कोंडून तळचें गवत काळें पडलें, आणि सशानें तें नुसतें हुंगून सोडून दिलें.