जानुशूल आणि वृद्धांचे पडणे

संधिगत वाताचा रुग्ण चिकित्सालयात आला की शोथ आणि आकुंचन-प्रसारणातील वेदना यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात हीच लक्षणे सांगितली असल्याने ते योग्यच आहे. तथापि साठी ओलांडलेल्या रुग्णाच्या बाबतीत वेदनेपेक्षा पडणे अधिक घातक ठरू शकते. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

प्रश्नपरीक्षा येथे विशेष महत्त्वाची. फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावी "आजी, कधी पडलात का?" असे विचारल्यास बहुधा नकारच मिळतो. "पडले नाही बाबा, तोल गेला नि खाली बसले," असे उत्तर आले तर तेही पडणेच समजावे. म्हणून उंबरठा, मोरी, शेताचा बांध, एस.टी.ची पायरी अशी स्थळे घेऊन वर्षभराची विचारणा करावी. चालताना अस्थिर वाटते का, पडण्याची भीती वाटते का, हेही विचारावे.

त्यानंतर १९९१ साली पॉडसियाडलो व रिचर्डसन यांनी मांडलेली सोपी परीक्षा घ्यावी. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ ओढावी. रुग्णाने नेहमीची पादत्राणे घालून, काठी वापरत असल्यास ती घेऊन उठावे, रेघेपर्यंत जाऊन वळावे व परत येऊन बसावे. १२ सेकंद वा अधिक वेळ लागल्यास धोका मानावा. वळताना पावले अडखळतात का, हे घड्याळाइतकेच बोलके असते. परीक्षकाने मात्र शेजारीच उभे राहावे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर कारण केवळ गुडघ्यात नाही.

वेदनेमुळे पाय कमी वापरला जातो व मांडीचे स्नायू क्षीण होतात. त्यामुळे जानुबस्तीने शूल शमला तरी तोल सुधारला असे आम्ही मानत नाही. मांडीला बळ देणारा व्यायाम सोबत हवाच. (बस्तीनंतर तळपायाचे व फरशीचे तेल न पुसता रुग्णास उठविणे ही तर आपणच दिलेली घसरण!)

औषधालयाच्या मालकांचाही येथे वाटा आहे. झोपेच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा वृद्ध गुडघ्यासाठी तेल मागू लागला, तर चक्कर येते का हे विचारून त्यास वैद्यांकडे पाठवावे. काठी विकताना ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावयाची, आणि हात सरळ सोडला असता तिची मूठ मनगटाशी यावी, एवढे आवर्जून सांगावे.