चाकांवरील घर आणि आकाशमार्गे इंटरनेट

अमेरिकेच्या पश्चिम भागात अनेक कुटुंबे दुर्गम जमिनीवर चाकांवरील घरांत वास्तव्य करतात. तेथवर तार नेणे खर्चाचे असते आणि मोबाईल मनोऱ्याच्या लहरी डोंगराआड अडतात. अशा वेळी उपग्रह हाच आधार ठरतो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने संदेशाचे उत्तर येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो व संभाषण अडखळते. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात. त्यामुळे हा विलंब पुष्कळच घटतो. या कंपनीने २०२२ मध्ये फिरत्या घरांसाठी स्वतंत्र सेवा सुरू केली.

मात्र केवळ यंत्र घेऊन भागत नाही. उपग्रह सतत सरकत असल्याने आकाशाचा मोठा भाग मोकळा लागतो. मध्ये झाड आले तरी संपर्क तुटतो. शिवाय ७५ वॅटचे यंत्र अहोरात्र चालल्यास १.८ युनिट वीज खर्च होते. ती सौर पॅनेल व बॅटरीतूनच मिळवावी लागते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानेही दुर्गम भागांसाठी या कंपनीबरोबर इरादापत्र केले. उद्या शाळेच्या वा आरोग्य केंद्राच्या छपरावर डिश अँटेना बसवावयाचा झाल्यास मोकळे आकाश व खात्रीची वीज यांचा विचार प्रथम करणे अगत्याचे ठरेल.