लाल दिवा विझवण्यापूर्वी

ताप आलेल्या रुग्णाने परस्पर गोळी घेऊन ताप उतरवावा आणि आठवडाभराने मूळ दुखणे बळावल्यावर आपल्यासमोर येऊन बसावे, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाच्या गाठीशी आहे. अशा वेळी आपण त्याला चार शब्द सुनावतो आणि तो अधिकार आपलाच आहे असे मानतो. नेमका तोच अपराध मी माझ्या मोटारीच्या बाबतीत केला आणि चार शब्द ऐकून घेण्याची पाळी माझ्यावर आली. सुनावणारे गृहस्थ होते आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतले एक वयस्क मेस्त्री. स्मरणिकेसाठी काही लिहा असा आग्रह झाला, तेव्हा हीच हकीकत सांगावी असे ठरवले. कारण रात्री-अपरात्री गाडी काढावी लागणाऱ्या आपल्या मंडळींच्या ती उपयोगी पडेल.

जुलै महिन्यातील गोष्ट. सावंतवाडीला एका आप्तांकडे कार्य होते, म्हणून सकाळीच सहकुटुंब निघालो. आंबोलीला धुके होते, पाऊस होता, धबधब्यापाशी नेहमीची गर्दी होती. घाट उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि डॅशबोर्डवर लाल दिवा क्षणभर लागून विझला. वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, असे ते चिन्ह. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. परतताना चढावर मात्र दिवा एकदाही लागला नाही. अधूनमधून उमटणाऱ्या आणि मग नाहीशा होणाऱ्या लक्षणाकडे रुग्ण जसे दुर्लक्ष करतो, तसेच मीही केले. दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून पाहिले, तर ब्रेक ऑइलची पातळी खालच्या खुणेला टेकलेली. बाजारातून बाटली आणली, वरच्या खुणेपर्यंत भरली आणि स्वतःच्या कौशल्यावर खूश झालो. दिवा पुन्हा लागला नाही.

तीन आठवड्यांनी टिळकवाडीत ब्रेक दाबताना पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. अधिकृत सेवाकेंद्रात गाडी नेली. त्यांनी दोन्ही डिस्क, पॅड, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर बदलण्याचे ३२,००० रुपयांचे अंदाजपत्रक हाती दिले. विचार करून कळवतो, असे सांगून मी ती गाडी सावकाश उद्यमबागेत नेली. तेही मी करायला नको होते, हे नंतर कळले.

मेस्त्रींनी चाक काढले, आत पाहिले आणि विचारले, “डॉक्टरसाहेब, दिवा लागला होता काय?”

मी झाला प्रकार सांगितला.

“म्हणजे तेल कमी झालं म्हणून तेल ओतलं. पण गेलं कुठं ते, हे कोण बघायचं?”

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. रक्तातील हिमोग्लोबिन कमी दिसल्यावर रक्त गेले कुठे, हे न विचारता नुसत्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू, ते मला चांगले ठाऊक होते.

तेल कोठे गेले, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधील दाब द्रवातून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. पुढच्या चाकात या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. पॅड झिजत गेले की पिस्टनची विश्रांतीची जागाही पुढे पुढे सरकते आणि त्याच्यामागे वाढलेली पोकळी भरण्यासाठी टाकीतील द्रव खाली उतरतो. म्हणजे कोठेही गळती नसताना पातळी कमी होते. नवे पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचे असतात आणि ३ मिलिमीटरच्या आसपास आल्यावर ते बदलावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. टाकीतील तरंगता गोळा पातळीबरोबर खाली येतो आणि खालच्या खुणेशी दिव्याचा स्विच जोडला जातो. उतारावर गाडीचे नाक खाली गेले आणि ब्रेक दाबला की द्रव पुढे हिंदकळतो, गोळा क्षणभर झुकतो आणि दिवा लुकलुकतो. घाटातला तो लुकलुकता दिवा मला ‘पॅड संपत आले’ असे सांगत होता आणि मी बाटलीभर द्रव ओतून त्याचे तोंड बंद केले होते.

या अपराधाची खूण लगेचच सापडली. नवे पॅड बसवण्यासाठी मेस्त्रींनी पिस्टन मागे रेटले, तेव्हा पोकळीतील द्रव टाकीकडे परतला आणि मी काठोकाठ भरलेली टाकी उतू जाण्याच्या बेतात आली. त्यांनी आधीच पिचकारीने द्रव काढून घेतला, म्हणून बरे. हा द्रव गाडीच्या रंगावर सांडला तर रंग खातो.

पुढील तपासणी मी एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाच्या फेरीत उभा असल्यासारखी पाहिली. इंजिन चालू ठेवून त्यांनी पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरायला सांगितले. ते तसूभरही खाली गेले नाही. सतत दाबलेले पेडल हळूहळू बसत जाते आणि बाहेर कोठे गळती दिसत नाही, तेव्हा मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सील गेल्याचा संशय घ्यायचा. इथे तसे काही नव्हते. कॅलिपरचे पिस्टन सहज सरकत होते, त्यांची रबरी टोपणे शाबूत होती. उरल्या डिस्क. त्यांच्यावर चरे पडले होते. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, हे मला तोवर माहीत नव्हते. मायक्रोमीटरने मोजल्यावर लेथवर हलका हात फिरवूनही ती त्या मर्यादेच्या वर राहणार होती. उद्यमबागेत लेथची काय वाण! दोन्ही डिस्क साफ झाल्या, नवे पॅड आले, सगळा द्रव बदलला आणि बिल ६,८०० रुपयांचे झाले. दिवा प्रथम लागला तेव्हाच आलो असतो तर लेथचा खर्चही वाचला असता, हेही त्यांनी ऐकवले.

सेवाकेंद्राने फसवले, असे मी म्हणणार नाही. तेथे भाग दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण जोडणीच बदलण्याची पद्धत असते. पण मोजणी न करता बदललेला प्रत्येक भाग हा तपासणी न करता लिहिलेल्या औषधासारखाच असतो. वॉरंटीत असलेली गाडी अधिकृत केंद्रातच न्यावी. त्यानंतर मात्र दुसरे मत घेण्याचा हक्क रुग्णाप्रमाणे गाडीमालकालाही आहे. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याच्या कारणावरून. त्या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. परंतु प्रश्न ऐरणीवर आला तो आलाच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

या अनुभवानंतर मेस्त्रींकडून मी निदानाचा क्रम शिकून घेतला. खर्च वाचतो तो या क्रमामुळे.

प्रथम दिवा केव्हा लागतो ते पाहावे. किल्ली फिरवल्यावर तो काही क्षण लागणे आणि इंजिन सुरू होऊन हॅण्डब्रेक सोडल्यावर विझणे, हे निरोगीपणाचे लक्षण. किल्ली फिरवूनही तो मुळीच लागत नसेल, तर दिवाच गेलेला असू शकतो आणि ते अधिक धोक्याचे. कारण नंतरचा इशारा आपल्याला मिळणारच नाही.

दुसरी पायरी हॅण्डब्रेकची. बहुतेक गाड्यांत त्याच्या दांड्याच्या मुळाशी लहानसा स्विच असतो. धूळ, सांडलेला चहा किंवा एखादे नाणे अडकून तो चिकटतो. दांडा पूर्ण खाली सोडून बोटाने किंचित वर-खाली करावा. दिवा लागून विझू लागला तर दोष तेथेच आहे. स्विच साफ केला, जागेवर बसवला की काम होते. बदलावा लागला तरी तो स्वस्त भाग आहे. मात्र दांडा सोडूनही मागचे चाक गरम होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर केबल अडकली आहे असे समजावे.

तिसरी पायरी द्रवाची. गाडी सपाट जागी उभी करावी आणि टाकी बाहेरूनच पाहावी. पातळी कमी असेल तर चारही चाकांतील पॅड आणि मागच्या ड्रममधील लायनर तपासून घ्यावेत. ते जाड असूनही पातळी कमी असेल, तर गळती आहे असेच धरावे: टायरच्या आतील बाजूस ओल, नळीच्या सांध्यावर चिकटपणा, पेडलच्या वरच्या बाजूस ओलसरपणा, अशा जागी ती सापडते.

चौथी पायरी, पातळी ठीक आणि हॅण्डब्रेकही ठीक असताना दिवा लागत असेल तर. टाकीवरील स्विचचा प्लग काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत प्लग काढताच दिवा विझला तर तरंगता गोळा अडकला किंवा स्विच बिघडला. विझला नाही तर वायरिंगमध्ये दोष. पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव आहे. प्लग परत लावायला मात्र विसरू नये.

पिवळा एबीएस दिवा हे वेगळे प्रकरण. देशात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची आहे. एकटा पिवळा दिवा लागला, तर साधा ब्रेक बहुधा शाबूत असतो, फक्त चाके लॉक होण्यापासून मिळणारे संरक्षण जाते. पुष्कळदा कारण चाकाजवळील वेगमापक सेन्सरवरचा चिखल किंवा तुटलेली वायर एवढेच असते. कधी अशक्त बॅटरीही कारण ठरते. येथे स्कॅनर लावून संकेत वाचून घेण्याचे शुल्क द्यावे, अंदाजाने सेन्सर बदलू नयेत. बाजारातील साध्या उपकरणांना इंजिनाचे संकेत वाचता येतात, एबीएसचे येतीलच असे नाही.

द्रवाविषयी थोडे. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो खरे. पण ते खनिज तेल नव्हे. चुकून इंजिन ऑइल त्यात पडले तर रबरी सील फुगतात आणि सारी यंत्रणा धुऊन काढावी लागते. हा द्रव हवेतील पाणी शोषतो. कोरडा ‘डॉट ४’ द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाण्याचे प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेल्यावर मात्र ही हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून चाके तापली की असा जुना द्रव उकळतो, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल मऊ होऊन थेट तळाला जाते. आंबोली किंवा चोर्ल्याच्या घाटात याचा अर्थ काय, ते सांगायला नको. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचाच द्रव घ्यावा, साधारण दोन वर्षांनी तो बदलावा, उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये आणि घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा.

आणि काही वेळा काटकसर पूर्णपणे बाजूला ठेवावी. पेडल मऊ पडले, खाली जाऊ लागले, गाडी एका बाजूला ओढू लागली, लोखंड घासल्याचा आवाज आला, लाल आणि पिवळा दोन्ही दिवे एकत्र लागले किंवा गळती दिसली, तर गाडी जागीच उभी करावी आणि उचलून न्यावी. असा रुग्ण चालवत न्यायचा नसतो, स्ट्रेचरवरच न्यायचा असतो.

त्या दिवशी मी तेथे असतानाच एक तरुण आला. दिवा सारखा लागतो, त्याची तार कापून द्या, घाईत आहे, असे त्याचे म्हणणे. मेस्त्रींनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, “तार कापायला दोन मिनिटं लागतात. मी कापणार नाही. चाक काढू दे, नाहीतर दुसरीकडं जा.”

तो तरुण थोडा घुटमळला आणि मग त्याने किल्ली त्यांच्या हाती दिली. त्याच्या गाडीत काय निघाले ते पाहायला मी थांबलो नाही. दवाखान्याची वेळ झाली होती. मात्र त्या संध्याकाळी ‘डॉक्टर, नुसतं दुखायचं थांबेल असं काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या पहिल्याच रुग्णाला मी, नेहमीपेक्षा जरा अधिक सौम्यपणे, तपासणीच्या टेबलावर झोपायला सांगितले.