बाटलीतली बाग

मित्रांनो, डोणगावचा उन्हाळा आपल्याला नवा नाही. सुट्टीत खोलीला कुलूप लागलं की खिडकीतल्या रोपांचं काही खरं नसतं. त्यावर उपाय म्हणजे टेरॅरियम, म्हणजेच बाटलीतली बाग.

१८२९ च्या सुमारास लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बंद बाटलीत नेचं आपोआप उगवलं. पानांतून निघणारी वाफ काचेवर थंड होते आणि पाणी परत मातीत उतरतं. १८५० च्या आसपास रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं अशाच काचपेट्यांतून भारतात आणली!

रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तळाशी बोटभर बारीक खडी, थोडा लाकडी कोळसा, वर कोकोपीट व वाळू मिसळलेली माती. आपल्याकडची नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. नेचं, शेवाळ, फिटोनिया चालतात. निवडुंग, कोरफड मात्र बंद बरणीत कुजतात.

पाणी काच बघून द्यायचं. दिवसभर थेंब साचले तर झाकण थोडा वेळ उघडा; काच अनेक दिवस कोरडीच दिसली तर दोन-तीन चमचे पाणी पुरे.

आणि मुख्य म्हणजे बरणी थेट उन्हात ठेवू नका. बंद काचेत रोपं अक्षरशः शिजतात. गावी जाताना ती खिडकीतून काढून खोलीतल्या सावलीच्या पण उजेडाच्या जागी ठेवा. रोपं बहुधा पाण्याविना नाही, जास्त पाण्याने आणि उन्हाने जातात!