हात कोणाचा धरावा : साथीच्या काळातील लोकसाहाय्याचा मागोवा (1896–1918)

मुंबईच्या मांडवी भागातील दाट वस्तीत 1896 च्या सप्टेंबर महिन्यात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असे महानगरपालिकेपुढे उघडपणे सांगितले. तेव्हापासून पुढची वीस-बावीस वर्षे मुंबई इलाख्यावर साथींची छाया या ना त्या रूपाने राहिली. या कालखंडाचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे : एकीकडे सरकारी सक्ती आणि तिच्यावरील राजकीय प्रतिक्रिया, दुसरीकडे हाफकिन यांची लस आणि तिच्याभोवतीचे वैद्यकीय संशोधन. रोग्याच्या उशाशी प्रत्यक्ष कोण बसले, त्याला पाणी कोणी पाजले, त्याच्या मागे राहिलेल्या पोराबाळांकडे कोणी पाहिले आणि हे सारे करू देण्याइतका विश्वास रोग्याच्या घरच्यांनी कोणावर टाकला, हा तिसरा धागा मात्र चरित्रांत, अहवालांत आणि जुन्या वृत्तपत्रांत विखुरलेला राहिला आहे. तो एकत्र केल्यावर असे दिसते की मदतीचा तुटवडा हे त्या काळाचे एकच दुःख नव्हते. मदत जवळ असतानाही ती देणाऱ्याचा भरवसा वाटत नव्हता, आणि ज्यांचा भरवसा वाटत होता त्यांच्या मदतीला जातीपातीच्या व धर्मपंथाच्या सीमा होत्या.

पहिल्या काही आठवड्यांतच हा अविश्वास उघड झाला. महानगरपालिकेने रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आदेश काढला, तेव्हा रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, अशी वदंता शहरभर पसरली. प्लेगचा रोगी बहुधा अखेरच्या अवस्थेतच तेथे पोचत असल्यामुळे ती वदंता लोकांच्या डोळ्यांसमोर खरीही ठरत होती. 29 ऑक्टोबर 1896 रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला आणि त्यानंतर पालिकेने सक्ती बरीच सैल केली. या माघारीमागे आणखी एक भीती होती. हलालखोर, म्हणजे शहराचा मैला वाहणारे कामगार, घाबरून मुंबई सोडून गेले असते तर शहर राहण्याजोगे उरले नसते, हे पालिकेचे अधिकारी जाणून होते. ज्या माणसांच्या श्रमांवाचून शहर चालणार नव्हते, त्यांच्या मालकीचे एकही रुग्णालय त्या शहरात नव्हते, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती गावाकडे निघून गेली होती आणि कोकणात व देशावर पोचलेल्या या माणसांमागोमाग रोगही गावोगाव पोचला.

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि घरझडती, प्रवाशांची तपासणी, रोग्याला उचलून नेणे व त्याच्या घरच्यांना विलगीकरण छावणीत ठेवणे यांचे जवळजवळ अनिर्बंध अधिकार सरकारला मिळाले. विलगीकरण म्हणजे रोग्याच्या सहवासात आलेल्या, पण अद्याप निरोगी दिसणाऱ्या माणसांना काही दिवस वेगळे ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवणे. कागदावर वाजवी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात फार कठोर होती, कारण घरातला कर्ता माणूस रुग्णालयात आणि बाकीचे छावणीत गेले की मागे उघड्या पडलेल्या घराची, दुकानाची आणि दावणीच्या जनावरांची जबाबदारी कोणावरच राहत नसे. मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने हे लवकर ओळखले आणि निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये काढण्याची मुभा दिली. त्यानंतर पारशी, खोजे, जैन, भाटिये अशा संघटित व सधन समाजांनी स्वतःच्या वर्गणीतून रुग्णालये उभी केली.

या रुग्णालयांत उपचार काही वेगळे होत होते असे नाही, कारण प्लेगवर खात्रीचे औषध तेव्हा कोणाकडेच नव्हते. फरक होता तो सभोवतालच्या माणसांचा. आपल्याच स्वयंपाकातले अन्न मिळते, पाणी देणारा ओळखीचा असतो, नातलगाला जवळ बसू देतात आणि मृत्यू आलाच तर अंत्यविधी आपल्या रीतीने होतो, एवढ्या खात्रीवर जे कुटुंब काल रोग्याला माळ्यावर किंवा पलंगाखाली लपवीत होते तेच आज त्याला स्वतःहून घेऊन येऊ लागले. साथनियंत्रणाच्या दृष्टीनेही याचे मोल मोठे होते, कारण लपवलेला रोगी हीच तपासणीची सर्वांत मोठी अडचण होती. तरीही या व्यवस्थेची दुसरी बाजू तितकीच स्पष्ट दिसते. ज्या समाजाकडे पेढीवाले, दानशूर आणि पंच होते त्याला रुग्णालय मिळाले. चाळीच्या एका खोलीत दहा-बारा जणांनी राहणाऱ्या, पंचायत गावाकडे आणि रोजगार मुंबईत असलेल्या घाटी व कोकणी गिरणी कामगाराला, आणि त्याहून खालच्या पायरीवर ठेवल्या गेलेल्या जातींना, सरकारी रुग्णालयाखेरीज दुसरे दार नव्हते.

पुण्यात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या देखरेखीखाली 13 मार्च 1897 पासून 19 मेपर्यंत गोऱ्या सैनिकांकरवी घरझडती झाली. सैनिक गल्लीची दोन्ही तोंडे अडवून एकेका वाड्यात शिरत, देवघर आणि स्वयंपाकघरही त्यातून सुटत नसे, बायकांना बाहेर बोलावून काखेत व जांघेत गाठ आहे का हे तपासले जाई, संशयिताला डोलीत घालून नेले जाई, आणि मागाहून येणारी तुकडी अंथरुणे-पांघरुणे जाळून भिंतींना चुना फासून जाई. या तुकड्यांबरोबर शहरातील काही गृहस्थ स्वयंसेवक म्हणून फिरत आणि सैनिक व घरचे लोक यांच्यामध्ये दुभाषाचे व मध्यस्थाचे काम करीत. ते काम कृतघ्न होते. सरकारला ते पुरेसे वाटत नसे आणि शेजाऱ्यांच्या नजरेत त्यामुळे संशय येई. लोकमान्य टिळकांनी या काळात शहर सोडले नाही, शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर ‘केसरी’तून कडक टीका केली आणि वर्गणीतून हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यास पुढाकार घेतला. जून 1897 मधील रँड यांच्यावरील हल्ला आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला यांच्या गदारोळात हे रुग्णालय इतिहासाच्या तळटिपेत गेले, ही खेदाची गोष्ट आहे, कारण सरकारी सक्तीला विरोध करणाऱ्यांनी पर्याय दिला नाही हा आक्षेप त्याच्या अस्तित्वानेच खोडला जातो. याच सुमारास दुष्काळातून आणलेल्या मुलींना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाईंनीही प्लेग रुग्णालयांतील व्यवस्थेविरुद्ध, विशेषतः तेथे एकट्या पडणाऱ्या स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी, जाहीरपणे लिहिले. त्या टिळकांच्या गोटातल्या नव्हत्या, म्हणूनच त्यांच्या तक्रारीला वेगळे वजन आहे.

परंतु या साऱ्या प्रयत्नांत ज्याला जातीचे रुग्णालय नाही, वाडा नाही आणि वृत्तपत्रही नाही, त्याच्याकडे प्रथम पाहिले ते सावित्रीबाई फुले यांनी. जोतीराव 1890 मध्ये वारल्यानंतर सत्यशोधक समाजाच्या कामाचा भार त्यांच्यावर होता, वय पासष्टीच्या पुढे गेले होते, आणि 1896–97 च्या दुष्काळातील अन्नदानाचे काम नुकतेच अंगावरून गेले होते. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत हे लष्करात वैद्यकीय सेवेत होते; त्यांना बोलावून घेऊन पुण्याबाहेर हडपसरच्या ससाणे मळ्यात, मोकळ्या रानात, त्यांनी दवाखाना सुरू केला. गावकुसाबाहेरील वस्त्यांतून रोगी आणणे हे तेथील मुख्य काम होते, आणि ते कोणा नोकरावर न सोपवता सावित्रीबाई स्वतः करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यातून त्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा मृत्यू झाला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. रँड यांच्या झडत्या सुरू होण्याआधी तीन दिवस हे घडले. या प्रसंगाकडे करुणेचे उदाहरण म्हणून पाहण्याची रीत पडली आहे, पण त्यामागे अर्धशतकाचा अनुभव होता : ज्यांच्या घरी पाणी प्यायला शहरातील बहुतेक गृहस्थ तयार नव्हते त्यांच्या घरात सावित्रीबाई शिक्षिका म्हणून वावरलेल्या होत्या, आणि म्हणूनच त्या वस्तीने आपले मूल निःशंकपणे त्यांच्या पाठीवर दिले. साथ आल्यावर असा विश्वास नव्याने उभा करता येत नाही. तो आधी कमावलेला असावा लागतो.

त्याच वर्षी 9 फेब्रुवारीला मुंबईत गिरणी कामगारांच्या संघटनेचे आद्य प्रवर्तक आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेच वारले. भिकाजी कामा यांनी मुंबईत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः रोग ओढवून घेतला, पण त्या वाचल्या. विश्वास आपल्या माणसावरच बसतो, हा अनुभव लशीच्या बाबतीतही आला. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतल्यावरही लोकांची भीती गेली नाही. तरुण आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतले, तेव्हा खोजा समाजात लस मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली.

9 मार्च 1898 रोजी मुंबईत प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली आणि त्यानंतर सरकारने सक्तीचा मार्ग हळूहळू सोडला. पुण्यात प्लेग पुन्हा फिरला तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले स्वयंसेवक म्हणून राबले. आदल्या वर्षी सैनिकांविरुद्धचे आरोप सिद्ध न करता आल्यामुळे माफी मागावी लागलेल्या या नेत्याने टीकेचे उत्तर कामातून दिले. ग्रामीण भागात मात्र बाहेरून आलेल्या कोणत्याही व्यवस्थेपेक्षा लोकांचा स्वतःचा उपायच अधिक रुळला. घरात उंदीर पडू लागले की सारे गाव उठून रानात झोपड्या घालून राही आणि साथ ओसरल्यावरच घरी परते. उंदरांवरील पिसवांमार्फत हा रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवून दिले आणि पुढे प्लेग संशोधन आयोगाने त्याला पुष्टी दिली. गावकऱ्यांनी अनुभवाने धरलेली वाट त्यामुळे शास्त्रानेही बरोबर ठरवली. या स्थलांतरात शेजारधर्म खरोखरी कसाला लागे, कारण झोपडीसाठी कुडाच्या काठ्या, पेंढा आणि बैलगाडी ही ज्याच्यापाशी असे त्याने ती नसणाऱ्याला दिली तरच सगळा गाव बाहेर पडू शके.

दोन दशकांनी, 1918 मध्ये, इन्फ्लुएन्झा आला तेव्हा परिस्थिती बदललेली होती. जूनमधील पहिल्या, तुलनेने सौम्य लाटेनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली, त्यातच पावसाने दगा दिल्याने धान्य महागले, आणि 6 ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत 768 माणसे मरण पावली. महायुद्धामुळे डॉक्टर व लष्कर दोन्ही परदेशी गुंतलेले होते आणि या वेळी सरकारने घरझडतीचा विचारही केला नाही. म्हणून काम अंगावर घेतले ते स्वयंसेवी संस्थांनी. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने आणि अनेक जातिसंस्थांनी चाळी वाटून घेतल्या, घरोघर औषध, दूध आणि पांघरुणे पोचवली. इन्फ्लुएन्झाच्या रोग्याला कोणी काही दिवस नुसते सांभाळले, उबेत ठेवले आणि पातळ अन्न भरवले तरी तो वाचण्याची शक्यता वाढत असे. घरातली सगळी माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळल्यावर चूल पेटवणाराच उरत नसे, आणि जिना चढून आलेला स्वयंसेवक तेथे डॉक्टरइतकाच उपयोगी पडे.

तरीही आरोग्याधिकारी टर्नर यांच्या नोंदींत मुंबईतील त्या साथीचे मृत्युप्रमाण पाहिले की 1896 चा प्रश्न तसाच उभा राहतो. युरोपियन व पारशी यांच्यात ते हजारी 10 पेक्षा कमी, इतर हिंदूंमध्ये 20 च्या आत, आणि ज्यांना त्या नोंदींत खालच्या जातींचे हिंदू म्हटले आहे त्यांच्यात हजारी 60 हून अधिक होते. ज्यांच्यापर्यंत दुधाचे भांडे पोचले आणि ज्यांच्यापर्यंत पोचले नाही, यांच्यातील अंतर या आकड्यांत काही अंशी आहे. पण त्याहून मोठा भाग आधीपासूनच्या भुकेचा, ओलसर खोल्यांचा आणि दाटीवाटीचा आहे, जो ऑक्टोबरातील कोणत्याही स्वयंसेवकाच्या हाती नव्हता. जोशी यांचे पुढील आयुष्य पाहता ही गोष्ट त्यांना जवळून कळली असावी : 1920 मध्ये ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते, आणि 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा व भत्ता मिळावा यासाठी विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. मुंबई इलाख्यात तसा कायदा होण्यास 1929 साल उजाडले.