गिअर बदलण्याआधी चेन मोजा

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. तिथे कुणाकडे जुनी गिअरची सायकल असेल आणि उड्डाणपुलावर जोर लावताच चेन सटकत असेल, तर आधी पट्टी घ्या. चेनची एक पिन शून्यावर धरा आणि पुढची 24वी पिन पाहा. नव्या चेनमध्ये ती बरोबर 12 इंचांवर येते. 1/16 इंच पुढे गेली असेल तर बहुधा नुसती चेन बदलून भागतं. 1/8 इंच गेली असेल तर मागचे दातेही झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून उड्या मारते.

जुन्या 5-6 गिअरच्या सायकलींत हे मागचे दाते सहसा हबच्या आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलवर असतात. त्या हबवर कॅसेट बसत नाही. गिअर वाढवायला 8 गिअरची कॅसेट घालायची तर साधारण 130 मिमीचा हब लागतो, जुन्या फ्रेममध्ये जागा बहुधा 126 मिमीच असते. पोलादी फ्रेम जाणकार कारागीर तेवढी फाकवू शकतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनची मात्र कधीच फाकवू नये, ती तडकू शकते. रोजच्या वापरासाठी तितक्याच गिअरचं नवं फ्रीव्हील घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. गिअरची केबल आणि तिचं आवरणही त्याच वेळी बदला. दमट हवेत दोन्ही आतून गंजतात.