जून ते दिवाळी : शाळेचे पहिले सत्र

शाळेचे वर्ष दोन भागांत वाटलेले असते. जूनमध्ये शाळा उघडते आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत चालते. हा पहिला भाग. दिवाळी झाली की शाळा पुन्हा भरते, ती उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत. हा दुसरा भाग. या भागांना सत्र म्हणतात.

पहिल्या सत्रात शाळेत काय काय होते, ते आम्ही या धड्यात सांगणार आहोत. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची एखादी शाळा डोळ्यांसमोर धरा. दोन खोल्या, दोन शिक्षक, पन्नास-साठ मुले. अशाच शाळांत आमची सगळी नोकरी झाली.

सत्र संपले की माणसे पारावर विचारीत, "गुरुजी, औंदा शाळेनं काय मिळवलं?" विचारणाऱ्याच्या मनात ढाल असे, नाहीतर खो-खोचा कप. ढाल मिळाली की आम्हालाही बरे वाटे, खोटे कशाला बोला? पण कपाटातली ढाल पाहून शाळा कळत नाही. शाळेची कमाई बारीक असते आणि रोजची असते. ती कुठे पाहायची, ते सांगतो.

पहिले काम शाळा उघडण्याआधीच सुरू होते. शिक्षक घरोघर फिरतात. कोणत्या मुलाला सहा वर्षे पुरी झाली ते विचारतात आणि यादी करतात. अशा मुलांना दाखलपात्र मुले म्हणतात. कुणाची शाळा मध्येच सुटली असेल तर त्याचेही नाव लिहून घेतात. जन्माचा दाखला सापडत नाही म्हणून काही आया पोराला घरीच ठेवीत. तसे करू नये. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत घेतलेच पाहिजे, असे तो कायदा सांगतो. वयाचा दाखला नाही, एवढ्याच कारणाने मुलाला परत पाठवता येत नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडते. विदर्भात ऊन फार, म्हणून तिथे आठवडाभर उशिरा. पहिल्या दिवशी नव्या मुलांना फूल देतात. कुठे बैलगाडीतून मिरवीत आणतात. पुस्तकेही मिळतात, त्यांना पैसे पडत नाहीत. फुलाचे कौतुक दुपारपर्यंत टिकते. मग पहिलीच्या वर्गात रडारड सुरू होते. आठ दिवस असेच जातात. नंतर तेच पोर आईचा हात सोडून शाळेकडे पुढे पळते.

तुम्ही स्वतः नुकतेच वाचायला शिकला आहात, म्हणून तुम्हाला एक गोष्ट चटकन समजेल. अक्षर ओळखणे वेगळे आणि वाचलेले समजणे वेगळे. 'क' ओळखला, 'म' ओळखला, 'ळ' ओळखला, तरी कमळ डोळ्यांपुढे उभे राहायला वेळ लागतो. काना, मात्रा, वेलांटी आली की बोट पुन्हा अडते. मुलांचेही तसेच होते. पहिलीतले मूल दिवाळीपर्यंत सोपे शब्द वाचू लागले, तर काम ठीक चालले आहे असे समजा. तिसरीतल्या मुलाने लहानशी गोष्ट वाचून ती आपल्या शब्दांत सांगितली पाहिजे. हे तुम्हाला घरच्या घरी पाहता येते. त्याला एसटीची पाटी वाचायला सांगा. तेलाच्या पिशवीवरचा भाव वाचायला सांगा. पाठ केलेली कविता मात्र म्हणायला सांगू नका. कविता न वाचताही म्हणता येते.

आता खिचडीची गोष्ट. शाळेत दुपारी जेवण मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण किती मिळायला हवे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. देशात ही योजना १९९५ साली सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे कोरडा तांदूळ देत, महिन्याला तीन किलो. पोती शाळेत यायची आणि आम्ही मापून द्यायचो. तांदूळ घरी जायचा आणि सगळ्या घराच्या पोटात जायचा. त्यातला मुलाच्या वाट्याला किती आला, ते देव जाणे. मग २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला, की मुलांना शिजवलेले अन्नच द्या. त्यानंतर शाळेत चूल पेटू लागली. २०२१ साली योजनेचे नाव बदलून 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे झाले. गावात अजून खिचडीच म्हणतात.

हिशेब सोपा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला याच्या दीडपट. समजा, आज पहिली ते पाचवीची ६० मुले हजर आहेत. म्हणजे ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ आणि ३ किलो भाजी शिजली पाहिजे. वाढण्याआधी शिक्षकाने घास चाखून पाहायचा असतो आणि तशी नोंद वहीत करायची असते. आयांनीही अधूनमधून जाऊन चव घ्यावी. तो त्यांचा हक्कच आहे. आमचा अनुभव असा, की ज्या शाळेत आया चव घ्यायला येतात, तिथली डाळ कधी पातळ होत नाही.

सणवार आणि कार्यक्रम तर चालूच असतात. आषाढीला मुलांची दिंडी निघते. १५ ऑगस्टला झेंडावंदन होते. ५ सप्टेंबरला मोठी मुले एक दिवस गुरुजी होतात आणि आमच्यासारखेच खाकरून दाखवतात. खो-खो आणि कबड्डीचे सामने आधी केंद्रावर होतात, मग तालुक्याला. मुलींनी मैदानात उतरायला हवे, तिथे संकोच करू नये. कार्यक्रमात पाहुण्यांची भाषणे मात्र आखूड असावीत. ओळीत बसलेल्या मुलांचे पाय अवघडतात, हे भाषण करणाराच्या लक्षात येत नाही.

एका दिवसाबद्दल थोडे जास्त सांगावेसे वाटते. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. आपल्या राज्यात हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. मुले अभ्यासाची पुस्तके बाजूला ठेवतात आणि आवडीचे काहीतरी वाचतात. त्या दिवशी तुम्हीही शाळेत जा आणि मुलांसमोर चार ओळी वाचा. लाज कसली? ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात, फांगणे नावाचे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या.

सत्राच्या शेवटी परीक्षा होते. कागदोपत्री तिला संकलित मूल्यमापन म्हणतात. मग प्रगतिपत्रक घरी येते. पूर्वी पालक अंगठा उठवून ते परत पाठवीत. आत काय लिहिले आहे ते कुणी पाहत नसे, आणि पाहणार तरी कसे? आता तुम्ही वाचा. आधी श्रेणी पाहू नका, आधी हजेरीचा रकाना पाहा. शाळा किती दिवस भरली आणि आपले मूल किती दिवस गेले, ते तिथे लिहिलेले असते. श्रावणात खुरपणीच्या दिवसांत मोठ्या मुलींच्या हजेरीला खाडे पडलेले दिसतील. श्रेणी का उतरली, याचे उत्तर पुष्कळदा त्याच रकान्यात सापडते.

इथपर्यंत सगळे बरे चालते. खरी ओढाताण पुढे आहे.

दसरा झाला की डोंगरपट्ट्यातल्या गावांत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ऊसतोडीची उचल लोकांनी आधीच घेतलेली असते. कुणी लेकीच्या लग्नाला, कुणी दवाखान्याला, कुणी जुने कर्ज फेडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. भांडी, अंथरूण, शेळी, कोंबड्या, सगळे गाडीत चढते. वर लेकरे बसतात. गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे जातात, कर्नाटकातही जातात. कारखान्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचे जवळजवळ सगळे दुसरे सत्र.

तिकडे काय होते? आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. नऊ-दहा वर्षांची मुलगी पाचटाच्या कोपीपाशी धाकट्या भावाला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. मुलगा वाढ्यांच्या मोळ्या बांधू लागतो. ऑक्टोबरात जे मूल 'कमळ' वाचत होते, ते एप्रिलात परत येते तेव्हा 'क' पाशी थांबते. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा वर्षात निदान २०० दिवस भरायला हवी. या मुलाच्या हाती त्यातले शंभरच लागतात. जूनमध्ये ते पुढच्या वर्गात बसते खरे, पण फळ्यावरचे त्याला लागत नाही. दोन-तीन वर्षे असे झाले, की लाजेने ते शाळा सोडते. मुलगी असेल तर मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

आई-बापांना बोल लावून काही साधत नाही. हौस म्हणून कोणी फडात जात नाही. आम्ही मूल ठेवून जा म्हटले की एकच उत्तर येई, "लेकरू हितं ठिवावं तर त्याच्या भाकरीचं कोण बघणार, गुरुजी?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून त्याचे उत्तर कोरड्या उपदेशाने देता येत नाही, भाकरीनेच द्यावे लागते.

त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. वसतिगृह म्हटले तरी मोठी इमारत डोळ्यांपुढे आणू नका. मूल गावातच राहते. आजी-आजोबा किंवा नात्यातले कोणी त्याच्याजवळ असते. सकाळ-संध्याकाळचे जेवण त्याला शाळेमार्फत मिळते, दुपारची खिचडी असतेच. असे हंगामाचे पाच-सहा महिने निघतात. जिथे हे काम नीट चालते, तिथे दिवाळीनंतरही वर्ग भरलेला दिसतो. जिथे कागद उशिरा जातात, तिथे मंजुरी येईपर्यंत गाड्या निघून गेलेल्या असतात.

कागद कोण करणार? शाळेची व्यवस्थापन समिती. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला ही समिती असलीच पाहिजे. तिच्यातल्या दर चार माणसांत तीन पालक असतात आणि निम्म्या बाया असतात. म्हणजे ही समिती तुमचीच आहे. पण पुष्कळ गावांत बायांची नावे नुसती वहीत असतात. सभेची वही घरी येते, तिथे सही होते आणि वही परत जाते. असे चालू देऊ नका. सभेला जा. ठराव वाचल्याशिवाय सही करू नका. कोणती कुटुंबे जाणार आणि कोणती मुले मागे राहू शकतात, याची यादी सप्टेंबरातच करा. ठराव तेव्हाच मांडा. दसऱ्याला धावपळ करून काही होत नाही.

ज्या मुलाला मागे बघणारे कोणीच नाही, त्याला बरोबर न्यावेच लागते. पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा भरत. शिक्षणहक्काचा कायदा आल्यावर अशा मुलांनी जवळच्या नेहमीच्या शाळेतच बसावे, असे ठरले. त्यासाठी निघण्याआधी गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. त्यात मुलाचे नाव, इयत्ता आणि अभ्यास कुठवर आला ते लिहिलेले असते. तळावर पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच ते पत्रक तिथल्या शाळेत दाखवावे. हंगाम संपून परतताना तिथल्या गुरुजींकडून नोंद करून घ्यावी. शाळा कायमची बदलायची असेल तर दाखला मागावा. मुख्याध्यापकाने तो लगेच द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला, म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

पत्रकाची घडी करून ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे. पिशवी भांड्यांच्या पेटीत टाकू नये, प्रवासात पेटी भिजते. ती आईने आपल्याजवळ ठेवावी.